फोल्डरात नाव दिसतं, फाइल मात्र टेपवर असते

तीन कॅमेऱ्यांवर एका लग्नाचं शूटिंग झालं की किती डेटा साठतो, ते मांडून बघा. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने रेकॉर्ड करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी खातो. तीन कॅमेरे, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येकी पंधरा-सोळा तास, म्हणजे दोन टीबी झालेच. व्हिडिओ पार्टीच्या हातात पडला की त्या दोन टीबीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण पुसूनही टाकता येत नाही, कारण तीन वर्षांनी "आजीची ती क्लिप मिळेल का हो?" असा फोन येतोच, आणि तोवर बऱ्याचदा आजी राहिलेल्या नसतात. आमच्या कोल्हापुरातला राजारामपुरीतला व्हिडिओ स्टुडिओ असो, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा डिझाइन विभाग असो किंवा मोडी कागद स्कॅन करणारी संस्था असो, दुखणं एकच आहे. रोज लागणारा डेटा थोडा, नुसता पडून असलेला डोंगराएवढा, आणि त्या पडून असलेल्यासाठीही चोवीस तास फिरणाऱ्या महागड्या डिस्का अडकलेल्या.

मोठ्या संस्थांनी यावरचा तोडगा फार पूर्वी शोधला. आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९७० च्या दशकातच असं सॉफ्टवेअर आलं होतं, जे न लागणाऱ्या फाइली आपण होऊन डिस्कवरून उचलून स्वस्त माध्यमावर नेऊन ठेवायचं आणि कुणी मागितली की परत आणायचं. त्याला हायरार्किकल स्टोरेज मॅनेजमेंट म्हणतात, थोडक्यात एचएसएम. वरच्या पायरीवर वेगवान आणि महाग एसएसडी, खाली साधी हार्ड डिस्क, सगळ्यात खाली टेप. फाइल जसजशी जुनी होते तसतशी ती खाली उतरते. टेप म्हटल्यावर अनेकांना जुन्या ऑडिओ कॅसेटी आठवतात आणि हे तंत्र केव्हाच संपलं असं वाटतं. पण स्वित्झर्लंडमधली सर्न ही प्रयोगशाळा आपल्या प्रयोगांचा प्रचंड डेटा आजही टेपवरच जपते आणि त्यासाठी तिने स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं आहे.

संस्थानी दप्तरखान्याची व्यवस्था माहीत असेल तर एचएसएम समजायला वेळ लागत नाही. करवीर संस्थानचे मोडी कागद रुमालांत बांधून फडताळात ठेवलेले, आणि कारकुनाच्या मेजावर नोंदवही. कागद हवा असेल तर नोंद बघायची, रुमालाचा नंबर काढायचा, रुमाल सोडायचा. एचएसएममध्ये ती नोंदवही म्हणजे एक डेटाबेस, रुमाल म्हणजे टेप आणि कारकून म्हणजे सॉफ्टवेअर. फरक एवढाच, की इथे मागणाऱ्याला चिठ्ठी द्यावी लागत नाही. तो नेहमीसारखी फाइल उघडतो आणि मागचं सगळं न सांगता होतं. या न सांगता होण्यातच एचएसएमची ताकद आहे आणि त्याचे बहुतेक घोटाळेही तिथेच होतात.

फाइल टेपवर गेली तरी तिचं नाव फोल्डरात जिथल्या तिथे राहतं. तारीख, मालक, परवानग्या, आकार, काहीही बदलत नाही. डिस्कवर उरतो तो फक्त तिचा खुंट, ज्याला या क्षेत्रात 'स्टब' म्हणतात. बघायचं असेल तर विंडोजवर अशा फाइलीवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे दोन आकडे दिसतील. वरचा म्हणेल ३८ जीबी, खालचा, म्हणजे डिस्कवर व्यापलेली जागा, म्हणेल फक्त काही केबी. लिनक्सवर 'एलएस' आणि 'डीयू' या दोन कमांडी एकाच फाइलीबद्दल असेच वेगवेगळे आकडे सांगतात. खालचा आकडा नगण्य असला की समजायचं, फाइल आता इथे नाही, तिचा पत्ता तेवढा आहे. काही प्रणालींमध्ये खुंटात फाइलीचा सुरुवातीचा थोडा भागही ठेवता येतो, म्हणजे फाइल कसली आहे हे ओळखायला टेप हलवावी लागत नाही.

कुठली फाइल खाली जाणार हे सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवत नाही, ते आपणच नियम घालून सांगतो. नव्वद दिवसांत कुणी उघडली नसेल तर, अमुक आकारापेक्षा मोठी असेल तर, 'चालू कामं' या फोल्डरात नसेल तर. आकाराची अट फार महत्त्वाची आहे. चार केबीची फाइल टेपवर पाठवून काहीच वाचत नाही, कारण तिचा खुंटही तेवढीच जागा घेतो, आणि वर परत आणायचा खोळंबा. शेवटचं कधी उघडली ही नोंद विश्वासाची असेल तरच वयाचा नियम चालतो. अनेक लिनक्स सर्व्हरांवर वेग वाढावा म्हणून ही नोंद ठेवणंच बंद केलेलं असतं. मग सॉफ्टवेअरला रोज वाचली जाणारी फाइलही जुनीच वाटते आणि लागणाऱ्या वस्तू आधी माळ्यावर जातात. नियम लिहायला बसण्याआधी हे तपासायलाच हवं.

नियमाइतकंच वेळेचंही गणित असतं. डिस्क भरल्यावर धावपळ करून टेपवर लिहायला लागलं तर काम करणारे अडकून पडतात. म्हणून फाइलीच्या तीन अवस्था ठेवलेल्या असतात. पहिली, फक्त डिस्कवर. दुसरी, डिस्कवरही आणि टेपवरही. तिसरी, फक्त टेपवर, डिस्कवर नुसता खुंट. रात्री सगळे घरी गेले की सॉफ्टवेअर पात्र फाइलींची टेपवर प्रत करून घेतं, पण डिस्कवरची फाइल तशीच ठेवतं. दिवसा डिस्क समजा ९० टक्क्यांवर गेली, की ते या दोन्हीकडे असलेल्या फाइलींपैकी जुन्या निवडतं आणि त्यांचा डिस्कवरचा मजकूर सोडून देतं, ८० टक्क्यांवर उतरेपर्यंत. लिहायचं काम आधीच झालेलं असल्यामुळे जागा जवळजवळ तत्काळ मोकळी होते. हे ९० आणि ८० आकडे बदलता येतात. पण वरची आणि खालची अशा दोन रेषा लागतातच. एकच रेषा ठेवली तर डिस्क दिवसभर तिच्याच आसपास घुटमळत राहते आणि सॉफ्टवेअरला उसंत मिळत नाही. मधल्या अवस्थेतली फाइल कुणी बदलली तर टेपवरची प्रत शिळी झाली, आणि फाइल पुन्हा पहिल्या अवस्थेत जाते.

आता परतीचा प्रवास. एडिटिंगला बसलेली मुलगी तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाची ३८ जीबीची फाइल उघडते. वाचायची विनंती फाइल सिस्टिमपर्यंत पोहोचते. तिथे एचएसएमचा पहारा बसवलेला असतो. तो बघतो की हा खुंट आहे, आणि विनंती तिथेच थोपवतो. डेटाबेसला विचारतो, ही फाइल कुठल्या टेपवर आणि टेपवर नेमकी कुठे? उत्तर येतं बारकोडच्या रूपात. टेप लायब्ररी म्हणजे कपाटाएवढी पेटी, आत शेकडो खाने आणि एक यांत्रिक हात. हात खान्यापाशी जातो, बारकोड जुळवतो, काडतूस, म्हणजे टेपची डबी (कार्ट्रिज), उचलून ड्राइव्हमध्ये सारतो. ड्राइव्ह टेपचं टोक पकडून आत ओढून घेतं. इथपर्यंत अर्धा मिनिट. मग हवी ती जागा गाठायला सरासरी मिनिटभर. एलटीओ या टेपच्या प्रमाणित प्रकाराच्या आठव्या पिढीचं, म्हणजे एलटीओ-८ चं, पूर्ण उंचीचं (फुल-हाइट) ड्राइव्ह सेकंदाला ३६० एमबीपर्यंत वाचतं, म्हणजे ३८ जीबीला पावणेदोन मिनिटं. सगळं मिळून तीन-सव्वातीन मिनिटांत फाइल डिस्कवर येते आणि थोपवलेली विनंती पुढे सोडली जाते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला वाटतं, आज डिस्क जरा मंद आहे.

तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण बसलेल्या माणसाला हे आधी सांगितलेलं नसेल तर ती फार वाटतात. तो पुन्हा क्लिक करतो, प्रोग्रॅम बंद करतो, सर्व्हर गोठला म्हणून बोंब ठोकतो. म्हणून एचएसएम बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून खुंटाचं चिन्ह दाखवावं. विंडोजमध्ये अशा फाइलीवर 'ऑफलाइन' अशी खूण असते आणि तिचं चित्र वेगळं दिसतं. ते ओळखता आलं की माणूस शांतपणे वाट बघतो किंवा आदल्या संध्याकाळीच फाइली मागवून ठेवतो.

खरा गोंधळ माणूस एक फाइल मागतो तेव्हा होत नाही, न कळता हजार मागतो तेव्हा होतो. अँटिव्हायरसने रात्री सगळे फोल्डर तपासायला घेतले, किंवा फोल्डर उघडताच संगणकाने प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र काढायला सुरुवात केली, किंवा बॅकअपच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने खुंटालाच फाइल समजून वाचायला घेतलं. प्रत्येक वाचन म्हणजे टेपवरून एक मागणी. बघता बघता रांगेत हजारो मागण्या साठतात, यांत्रिक हात अखंड धावत सुटतो, डिस्क आल्या फाइलींनी भरते, भरली म्हणून सॉफ्टवेअर पुन्हा जागा मोकळी करायला लागतं, आणि जिला खरोखर एक फाइल हवी आहे तिचा नंबर लागत नाही. उपाय सोपा असतो, पण आधी करायला लागतो. अँटिव्हायरसला ऑफलाइन खुणेच्या फाइली वगळायला सांगायचं, छोटी चित्रं बंद करायची, आणि एचएसएम ओळखणारंच बॅकअप सॉफ्टवेअर वापरायचं.

मुद्दाम पुष्कळ फाइली मागवायच्या असतील तेव्हा क्रमाला फार महत्त्व आहे. त्यासाठी टेपवर लिहितात कसं ते थोडं बघावं लागेल. एलटीओ-८ ची टेप अर्धा इंच रुंद आणि ९६० मीटर लांब असते. तिच्यावर ६,६५६ समांतर रेषांत लिहिलं जातं, पण ड्राइव्हच्या लिहिणाऱ्या डोक्याला (हेडला) एका वेळी ३२ च रेषा लिहिता येतात. म्हणून टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, डोकं किंचित सरकतं, टेप उलटी येते, असं २०८ वेळा. नांगरणीत बैल तासाच्या शेवटी वळतात आणि पुढचं तास उलट दिशेने येतं, तसाच हा माग. पूर्ण १२ टीबी लिहायला सव्वानऊ तास लागतात. याचा एक चमत्कारिक परिणाम होतो. पाचव्या तासाला लिहिलेली फाइल आणि पहिल्या तासाला लिहिलेली फाइल टेपवर अगदी शेजारी असू शकतात, तर लागोपाठ लिहिलेल्या दोन मोठ्या फाइलींची सुरुवात एकमेकींपासून शेकडो मीटर दूर असू शकते. ५०० फाइली वाटेल त्या क्रमाने मागितल्या आणि प्रत्येकीसाठी मिनिटभर टेप धावली तर नुसत्या धावण्यात आठ तास वीस मिनिटं जातात. चांगलं सॉफ्टवेअर म्हणून मागण्या आधी गोळा करतं, कुठल्या टेपवर किती ते बघतं आणि टेपवरच्या जागेप्रमाणे क्रम लावूनच वाचायला घेतं. एलटीओ-९ च्या पूर्ण उंचीच्या ड्राइव्हमध्ये तर हा क्रम ड्राइव्हच सुचवू शकतं. तुमच्या हातात एवढंच, की फाइली एकेक करून उघडू नका, यादी करून एकदम मागा.

लिहिताना उलटी अडचण असते. टेप सेकंदाला काही मीटर वेगाने पळत असते आणि डेटा त्या वेगाने पोहोचला नाही तर ड्राइव्हला थांबून, मागे येऊन, पुन्हा वेग घ्यावा लागतो. हे वारंवार झालं की वेग कोसळतो आणि टेपही झिजते. आधुनिक ड्राइव्हं एका मर्यादेपर्यंत आपला वेग कमी करून घेतात. तरी लाखो छोट्या फाइली एकेक करून टेपवर सोडणं हे चुकीचंच. त्या आधी एका मोठ्या गठ्ठ्यात बांधून मग पाठवतात.

पुसलेल्या फाइलीचं काय होतं? टेपवर मध्येच काही खोडून तिथे नवं लिहिता येत नाही, फक्त शेवटी जोडता येतं. त्यामुळे पुसलेली फाइल टेपवर तशीच राहते, डेटाबेसमधून तेवढी उडते. एखाद्या टेपवर कामाचा डेटा बराच कमी उरला की सॉफ्टवेअर तो दुसऱ्या टेपवर हलवतं आणि जुनी टेप कोरी म्हणून परत वापरात घेतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. एचएसएम म्हणजे बॅकअप नव्हे. हे मी ज्याला त्याला सांगत असतो आणि तरी पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण नुकसान इथेच होतं आणि ते भरून येत नाही. बॅकअपमध्ये मूळ फाइल जागेवर असते आणि शिवाय एक प्रत दुसरीकडे असते. एचएसएमने फाइल खाली पाठवली की मूळच हललेलं असतं. टेपवर एकच प्रत ठेवली असेल तर जगात ती एकच प्रत आहे, मग फोल्डरात नाव कितीही ठळक दिसो. कोल्हापूरकरांना हे निराळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने याच गावात मूकपट काढले, आणि त्यातले बहुतेक आज कुठेही बघायला मिळत नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी, आणि जिच्या प्रती उरल्या नाहीत ती गेली. आज आपल्याकडे प्रत काढायचा खर्च एका काडतुसाचा, म्हणजे काही हजारांचा आहे. तो वाचवू नये.

त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये पहिला नियम हा घालावा, की दोन वेगवेगळ्या टेपांवर प्रती लागून त्यांची पडताळणी झाल्याशिवाय डिस्कवरची फाइल सोडायची नाही. जवळजवळ सगळ्या चांगल्या प्रणालींमध्ये ही सोय आहे. दुसरी टेप लायब्ररीतून बाहेर काढून दुसऱ्या इमारतीत न्यायची. खान्यात बसलेल्या टेपला वीज लागत नाही, पण सॉफ्टवेअरचा ताबा एखाद्या खंडणीखोर हॅकरच्या हाती गेला तर तो यांत्रिक हाताकडून तीही मागवून घेऊ शकतो. कपाटात कुलूपबंद असलेली टेप मात्र तारेवरून कुणालाच गाठता येत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे सुमारे ०.०२ टक्के जीमेल वापरणाऱ्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. गूगलकडे प्रत्येक पत्राच्या अनेक डेटा सेंटरांत प्रती होत्या, पण चूक तिथपर्यंतही पोहोचली. पत्रं परत आली ती टेपवरून, कारण टेप त्या जाळ्यात नव्हती.

दुसरी इमारत कुठली, हा प्रश्न आपल्याकडे पंचगंगा विचारते. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीतली कुंभार गल्ली पाण्यात होती. स्टुडिओ एका पूररेषेत आणि दुसरी टेप मालकाच्या घरी, तेही त्याच रेषेत, याला दोन जागा म्हणत नाहीत. त्याच पुरात शिरोलीजवळ पाणी आल्याने महामार्ग कित्येक दिवस बंद होता, हेही लक्षात ठेवा. पुण्याला ठेवलेली प्रत सुरक्षित असते, पण अडचणीच्या नेमक्या त्या आठवड्यात हाती येत नाही. गावातच उंचावर एक आणि गावाबाहेर एक, ही माझ्या मते योग्य मांडणी.

पुराइतकाच दमटपणाही वाईट. दीर्घकाळ ठेवायच्या टेपला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, तीस वर्षं टिकण्याचं आश्वासन त्या हिशोबाने दिलेलं असतं. आषाढ-श्रावणात आपल्याकडच्या बंद कपाटात काय वास येतो ते सगळ्यांना माहीत आहे. एसी खोली नसेल तर निदान हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि थंड जागेतून आणलेली टेप वापरण्याआधी दिवसभर खोलीच्या हवेला लागू द्यायची.

आणि तो डेटाबेस. शंभर टेपा धडधाकट आहेत पण कुठली फाइल कुठे हे सांगणारी नोंदच गेली, तर हातात नुसता काडतुसांचा ढीग उरतो. एकेक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नोंद पुन्हा उभी करावी लागते, तेही सॉफ्टवेअरने टेपवर पुरेशी माहिती लिहिलेली असेल तर. डेटाबेसची प्रत रोज, वेगळ्या जागी, एचएसएमच्या बाहेर. विकणाऱ्याला आवर्जून विचारा, तुमचा डेटाबेस गेला तर माझ्या फाइली दुसऱ्या कुणाला वाचता येतील का? उत्तर देताना तो अडखळला तर तिथेच थांबा.

टेप तीस वर्षं टिकते, पण ती वाचणारं ड्राइव्ह तेवढं टिकत नाही. एलटीओची पहिली पिढी २००० साली आली, १०० जीबीची. नववी २०२१ मध्ये, १८ टीबीची. पूर्वी ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचायचं, पण एलटीओ-८ आणि एलटीओ-९ च्या ड्राइव्हला मागची एकच पिढी वाचता येते. आठव्या पिढीच्या ड्राइव्हला सहावीची टेप कळत नाही. म्हणून दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपांवर उतरवावं लागतं. इथे एचएसएम आपली किंमत वसूल करून देतं. खुंटात टेपचा नंबर नसतो, डेटाबेसमधल्या नोंदीचा असतो. सॉफ्टवेअर फावल्या वेळात जुन्या टेपांवरून नव्यांवर डेटा हलवत राहतं, नोंद बदलत राहतं, आणि फोल्डर वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचा मार्ग, नाव, तारीख, सगळं तेच.

हे सगळं चार माणसांच्या स्टुडिओला हवंच का? नको. लायब्ररी, सॉफ्टवेअरचा परवाना आणि सांभाळणारा माणूस हा खर्च शेकडो टीबी साठल्यावरच परवडतो. त्याआधी काही लाखांत एक सुटं ड्राइव्ह घ्यावं. २०१० मध्ये एलटीओ-५ बरोबर एलटीएफएस ही सोय आली. तिच्यात टेपचे दोन भाग करतात, एकात फाइलींची यादी आणि दुसऱ्यात फाइली. टेप लावली की ती पेनड्राइव्हसारखी फोल्डर म्हणून उघडते, आणि यादी टेपवरच असल्यामुळे कुठल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडून राहावं लागत नाही. लग्नाचं काम संपलं की दोन टेपांवर उतरवा, प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढून ठेवा, काडतुसावर बारकोड लावा आणि कुठल्या टेपवर कोणाचं काम आहे याची एक एक्सेल शीट करा. पुसण्याआधी दोन्ही टेपांवरून एकेक मोठी फाइल परत उतरवून चेकसम जुळवा. वर्षातून एकदा कुठलीही एक टेप काढून ती मित्राच्या ड्राइव्हवर वाचून बघा. आपल्याच ड्राइव्हचं डोकं किंचित तिरकं असेल तर त्याने लिहिलेलं त्यालाच वाचता येतं, आणि हे ते ड्राइव्ह बंद पडेपर्यंत कळत नाही.